मथळा कोणासाठी?

मंडळी, आपल्या मराठी ब्लॉगांचे मथळे कधी एका जागी बसून वाचलेत का? 'आठवणींच्या हिंदोळ्यावर', 'मनातलं थोडंसं', 'सय'... आत काय आहे याचा काही पत्ता लागत नाही. अनारशांवर चार पानं झकास मजकूर आणि वर मथळा 'गोडवा'! ज्याला अनारसे करायचेत त्याला तो सापडणार कसा?

म्हणून मथळ्यात कीवर्ड घाला, म्हणजे लोक गूगलमध्ये जे शब्द टाइप करतात ते घाला, असं आमचा नातू सांगतो ते मला निम्मं पटतं. निम्मंच, कारण त्याने सुचवलेला मथळा असा: 'अनारसे रेसिपी मराठी, जाळीदार अनारसे, दिवाळी अनारसे'. एका ओळीत तीन अनारसे. पाहुण्यालासुद्धा एवढा आग्रह करू नये.

वेबपानाच्या भाषेत मथळ्यांच्या सहा पायऱ्या असतात, एच-वन ते एच-सिक्स. पाठ्यपुस्तकात प्रकरण, त्याखाली मुद्दा, त्याखाली उपमुद्दा, तसंच. त्यावरून यंत्राला पानाचा विषय कळायला मदत होते. हे कळल्यावर लोकांनी शब्दांची खोगीरभरती सुरू केली. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्यापर्यंत मजल गेली! आता अशी खोगीरभरती गूगलच्या नियमांत बसत नाही. पानामागे कीवर्डची वेगळी यादी द्यायची सोय असते, तीही आपण क्रम लावताना विचारात घेत नाही, हे गूगलने 2009 सालीच जाहीर केलं.

खरा प्रश्न शब्द कोणता घ्यायचा हा आहे. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात विरघळतो. आपण म्हणतो, 'अनारसा हसला'. काय सुंदर शब्द आहे! पण पहिल्यांदाच अनारसे करणारी मुलगी 'हसला' शोधणार नाही, ती 'अनारसे तुपात का विरघळतात' असं शोधेल. मग मथळा द्यावा 'अनारसे तुपात विरघळतात, म्हणजेच हसतात, ते का?' तिला उत्तर मिळेल आणि जाता जाता एक शब्दही मिळेल. नुसतं लोकांच्या शोधावर मथळे बेतत गेलो तर 'हसला' दहा-वीस वर्षांत कोणाला कळणार नाही. मला त्याची धास्ती वाटते. उलट नुसतं 'हसला' लिहून बसलो तरी तो आपल्यापुरताच राहील.

आणखी एक वाचक आपण विसरतो. माझा एक जुना विद्यार्थी दृष्टिहीन आहे. एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्याला पान वाचून दाखवतं. 'एच'ची कळ दाबली की ते पुढच्या मथळ्यावर उडी मारतं. तो म्हणाला, "बाई, मी आधी नुसते मथळे ऐकतो, मग कुठे थांबायचं ते ठरवतो." तुम्ही-आम्ही पान चाळतो, तसं हे त्याचं चाळणं. आता त्याच्या कानावर दर उडीला 'अनारसे रेसिपी मराठी' आदळलं तर? आणि आपल्यातले पुष्कळ जण मथळा म्हणून अक्षरं नुसती ठळक करतात. डोळ्यांना तो मथळा दिसतो, पण त्याच्या कळीला तिथे काहीच सापडत नाही. बिचाऱ्याला सगळं पान वरपासून ऐकावं लागतं. मथळ्यांच्या पायऱ्या मागेपुढे झाल्या तरी शोधाला फरक पडत नाही, पण ऐकून वाचणाऱ्यांसाठी त्या क्रमाने असणं फार चांगलं, असं गूगलच्याच मार्गदर्शिकेत म्हटलंय.

तेव्हा लिहिताना वरच्या पट्टीत ठळकचा 'बी' दिसतो ना, त्याच पट्टीत मथळ्याचाही पर्याय असतो. तो निवडा. स्मृतिलेखाला मात्र 'सय' म्हणा खुशाल, तो शोधत कोणी येत नसतं.