यंत्रापूर्वीचा यत्नाचार

वॉशिंग मशीनचे बटण एकदा दाबले की माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही. जे सांभाळायचे ते त्यापूर्वीच. वस्तू पाहून उचलावी, पाहून ठेवावी, ही आदान-निक्षेपण समिती मुनींसाठी सांगितली आहे. तथापि तिचा अंश श्रावकाच्या घरातही पाळता येतो, आणि मळक्या कपड्यांच्या टोपलीपाशी तर तो पाळायलाच हवा.

रात्रभर कोपऱ्यात पडलेल्या ढिगात मुंग्या, झुरळे, क्वचित एखादा कोळी आश्रयाला आलेला असतो. मुलाच्या खिशात पेढ्याचा कण राहिला असेल तर मुंग्यांची रांग ठरलेलीच. म्हणून प्रत्येक कपडा उजेडात, गच्चीवर किंवा गॅलरीत हलक्या हाताने झटकावा. बाह्या व खिसे उलटे करून पाहावेत. ढीग तसाच यंत्रात लोटला तर त्या जीवांची सुटका नाही.

चातुर्मासात प्रश्न अधिक बिकट होतो. पाणी वाचावे म्हणून यंत्र भरेल इतके कपडे साठू देणे योग्यच आहे. पण घामाने भिजलेले कपडे बोचक्यात दाबून ठेवले तर त्यांवर बुरशीचे काळे ठिपके धरतात. पाणी वाचवले आणि जीवोत्पत्तीला वाव दिला, असा तो तोट्याचा व्यवहार! मळका कपडाही आधी दोरीवर वाळवावा, मगच जाळीच्या टोपलीत टाकावा. एवढे साधे काम पुष्कळ घरांत केवळ आळसापोटी राहून जाते.

पाणी गाळून वापरण्याचा नियम असलेल्या घरांत सेमी-ऑटोमॅटिक यंत्र सोयीचे, कारण त्यात गाळलेले पाणी बादलीने ओतता येते. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी असलेली जाळी वाळू-कचरा अडवते. तिला गाळणे मानू नये.

अभिषेक-पूजेची वस्त्रे इतर कपड्यांत मिसळूच नयेत. ती वेगळी, हाताने धुवावीत. बाकीच्यांत पांढरे, गडद आणि नवे असे भाग करावेत. नव्या बांधणीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबला की रंग जातो की नाही ते तत्काळ कळते. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्याने घाबरू नये. धुऊन उन्हात टाकल्यास तो फिकट होत जातो. दुधाचा डाग मात्र प्रथम थंड पाण्यात भिजवावा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. लोकरीच्या शालीला एन्झाइमयुक्त पावडर लावू नये. डागातील प्रथिन तोडणारे तेच द्रव्य लोकरीचा तंतूही झिजवते.

राहिला खिसा. दुकानातून आलेल्या सदऱ्यात उधारीची चिठ्ठी, ग्राहकाचा धनादेश, एखादे बिल असते. ते तपासणे गृहिणीचे काम समजले जाते आणि कागदाचा लगदा झाला की बोलही तिलाच लागतो. हे न्यायाचे नाही. सदरा ज्याचा, त्यानेच तो टोपलीत टाकण्यापूर्वी खिसा रिकामा करावा.