आधी टाकी, मग इंजेक्शन

मिशिगनहून एका वाचकाचा फोन आला. मूळचे सांगलीचे, नोकरी मोटारींच्याच क्षेत्रातली, आणि घरच्या गॅरेजमध्ये 1967 ची फोर्ड मस्टँग. इंजिन 289 घनइंचांचं व्ही-8, कारखान्याच्या आकड्यानुसार 200 अश्वशक्तीचं. कार्बोरेटर काढून त्याच्याच जागी बसणारं थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं किट त्यांनी घेतलं आहे. खर्च बराच झाला. "किटबरोबर पंप आलाय, तो बाहेरून चासीला लावतो. टाकी जुनीच ठेवली तर चालेल ना?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी नाही म्हटलं आणि पुढे पाऊण तास बोलणं झालं. आपल्याकडेही हौशी मंडळी हाच प्रश्न विचारतात, तोही सगळ्यात शेवटी, पैसे संपत आल्यावर. म्हणून आजचा लेख त्यावर.

कार्बोरेटरच्या गाडीत टाकीला फार हुशार असावं लागत नाही, कारण कार्बोरेटरच्या पोटात फ्लोटची वाटी असते. इंजिनावर बसवलेला डायफ्रामचा पंप जेमतेम 0.2 ते 0.35 बार दाबाने ही वाटी भरत राहतो. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला गेलं आणि नळीने क्षणभर हवा ओढली, तरी वाटीतल्या साठ्यावर इंजिन चालू राहतं. हवेचा बुडबुडा वाटीत येऊन वर निघून जातो. चालकाला पत्ताही लागत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत ही वाटीच नाही. पंपाने दिलेला दाब थेट इंजेक्टरच्या तोंडाशी उभा असतो आणि किती पेट्रोल सोडायचं याचा हिशेब संगणक तो दाब कायम आहे असं धरूनच करतो. पंपाच्या तोंडात बुडबुडा गेला की दाब कोसळतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन धडपडतं. भर वेगात, पूर्ण थ्रॉटलवर वारंवार असं झालं तर पिस्टनही जाऊ शकतो. कार्बोरेटरच्या वाटीचं काम आता टाकीने करायचं असतं, आणि जुनी टाकी त्या कामासाठी बनलेलीच नसते.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी खंबाटकी घाटात शिकलो. पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो, मित्राच्या पद्मिनीत. गाडीला नुकतंच इंजेक्शन बसवलेलं, टाकी मूळची, पंप बाहेर लावलेला. सपाट रस्त्यावर गाडी इतकी गोड चालली की आम्ही दोघंही खूश होतो. टाकी पाव भरलेली. घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिनाने दम सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. मागे भरलेला ट्रक. कशीबशी गाडी कडेला घेतली. खाली वाकून पंपाला हात लावला तर हात टेकवत नव्हता. फिटरने तो टाकीच्या तळापेक्षा वरच्या पातळीवर बसवला होता. चढावर आणि वळणावर पेट्रोल नळीपासून दूर जात होतं, पंप हवा ओढत होता, आणि पेट्रोल मिळेना म्हणून तापत होता. त्यात त्या फिटरचा एकट्याचा दोष नाही. जागा मिळेल तिथे पंप लावायचा, हीच आपल्याकडची रीत आहे.

या पंपांचा स्वभावच असा की ते ढकलतात जोरात, पण ओढण्यात कच्चे असतात. ओढायला लावलं की तोंडाशी दाब कमी होतो आणि गरम पेट्रोल तिथेच उकळून त्याची वाफ होते. म्हणून बाहेरचा पंप लावायचाच असेल तर तो टाकीच्या तळाखाली, टाकीला चिकटून, आणि पेट्रोल आपसूक त्याच्याकडे उतरेल असा हवा. पण उतरती जागा मिळाली तरी माझी पसंती टाकीच्या आतल्या पंपालाच आहे. तो पेट्रोलमध्ये बुडालेला राहतो, त्याच पेट्रोलने थंड होतो, आवाज करत नाही आणि त्याला ओढावं लागत नाही. विजेची मोटर पेट्रोलमध्ये कशी बुडवायची, ही भीती बऱ्याच जणांना वाटते. मोटरच्या आत फक्त पेट्रोल असतं, हवा नसते. हवेशिवाय ठिणगीला पेटवायला काही मिळत नाही. आज रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पेट्रोल गाडीत पंप आतच आहे.

मस्टँगच्या बाबतीत टाकीची गोष्ट आणखी वेगळी आहे. 1964 च्या एप्रिलमध्ये ही गाडी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली तेव्हा ती स्वस्तात विकता यावी म्हणून अनेक काटकसरी केलेल्या होत्या. त्यातली एक म्हणजे टाकी. ती वरून सोडलेली आहे आणि तिचा वरचा पत्राच डिकीची जमीन आहे. 1968 पर्यंतच्या गाड्यांत ती 16 गॅलनची, म्हणजे साधारण 60 लिटरची. गेजचा फ्लोट आणि पेट्रोल उचलणारी नळी एकाच तुकड्यावर, टाकीच्या पुढच्या बाजूने आत शिरलेली. परतीच्या नळीला जागाच नाही, कारण तेव्हा पेट्रोल परत येत नसे. पुढच्या बाजूला नळी म्हणजे गाडीने जोर घेतला की पेट्रोल मागे सरकणार आणि नळी उघडी पडणार. कार्बोरेटरला हे खपलं. इंजेक्शनला खपणार नाही.

अमेरिकेत या गाडीसाठी इंजेक्शनच्याच सोयीने बनवलेल्या नव्या टाक्या मिळतात. मूळच्या मापाच्या, मूळच्या स्क्रूंच्या भोकांवर बसणाऱ्या, वरून पंप घालायला तोंड असलेल्या. आत पंपाभोवती एक चौकट किंवा वाटी असते. पेट्रोल तिच्यात सहज शिरतं, पण वळणावर चटकन बाहेर पडत नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की किटमधला बाहेरचा पंप बाजूला ठेवा आणि ही टाकी घ्या. जुन्या टाकीला भोक पाडून पंपाची जोडणी बसवायचे संचही मिळतात. टाकी आतून स्वच्छ असेल तर तेही चालतं, पण साठ वर्षांच्या टाकीत गंज नसेल यावर मी पैज लावणार नाही. त्या गंजाची धूळ इंजेक्टरची भोकं बुजवते. शर्यतीच्या गाड्यांतल्यासारखी आत स्पंज भरलेली टाकी घ्यावी का, असंही त्यांनी विचारलं. रोजच्या गाडीला नको. तो स्पंज काही वर्षांनी भुगा होतो आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

नवी टाकी मागवताना गेजचा फ्लोट मूळच्या मीटरशी जुळतो का, हे नक्की विचारावं. त्या काळच्या फोर्डमध्ये टाकी रिकामी असताना 73 ओहम आणि भरलेली असताना 10 ओहम असा हिशेब आहे. दुसऱ्या मापाचा फ्लोट बसवला की काटा खोटं बोलतो, आणि पाव टाकीचा भरवसा ठेवून माणूस रस्त्यात उभा राहतो.

आता पंपाचा आकार. इथे सगळ्यात जास्त चूक होते, कारण मोठा आकडा पाहिला की मन भुलतं. हिशेब सोपा आहे. इंजिन पूर्ण जोरात असताना प्रत्येक अश्वशक्तीला तासाला सुमारे अर्धा पौंड पेट्रोल लागतं. 200 अश्वशक्तीला 100 पौंड, म्हणजे 45 किलो, म्हणजे सुमारे 61 लिटर. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, उतरलेली बॅटरी, म्हातारा होत जाणारा पंप या सगळ्यांसाठी पाव हिस्सा वाढवा. 80 लिटरच्या आतच आकडा येतो. किटला लागणाऱ्या सुमारे 4 बार दाबावर तासाला 100 ते 120 लिटर देणारा पंप त्या मस्टँगला पुरून उरतो. बाजारात मात्र सर्रास 255 लिटरचा पंप गळ्यात मारला जातो.

मोठा घेतला तर बिघडलं कुठे? बिघडतं. समजा तो पंप 4 बारला 220 लिटर देतो. महामार्गावर शांतपणे चालणारी ती गाडी तासाला 12 लिटर जाळते. उरलेलं 208 लिटर तापलेल्या इंजिनाजवळून फिरून टाकीत परत. 60 लिटरची भरलेली टाकी सतरा-अठरा मिनिटांत एक फेरी पूर्ण करते. पाव टाकी असेल तर चार-साडेचार मिनिटांत. उन्हाळ्यात तासाभराच्या प्रवासानंतर टाकीतलं पेट्रोल हाताला गरम लागतं, आणि गरम पेट्रोलची वाफ होते. ज्या त्रासातून सुटायला इंजेक्शन बसवलं तोच त्रास पुन्हा दारात. यावर एक चांगला उपाय म्हणजे दाब राखणारा रेग्युलेटर पुढे न लावता टाकीजवळच लावणे. शेव्हरोले कॉर्व्हेटचा एक फिल्टर मिळतो, 1999 नंतरच्या गाड्यांतला, ज्याच्या पोटातच 4 बारचा रेग्युलेटर असतो. जास्तीचं पेट्रोल तिथूनच टाकीत वळतं, इंजिनाकडे फक्त लागेल तेवढंच जातं. परतीची नळी टाकीत पेट्रोलच्या पातळीखाली सोडावी. वरून धार पडली की फेस होतो आणि तो फेस पंपाच्या तोंडात जातो.

आपल्याकडे नवी टाकी विकत मिळत नाही, बनवून घ्यावी लागते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचं. वरचाच हिशेब लावला तर पूर्ण जोरात तासाला 14 लिटरही लागत नाही. म्हणून छोट्या गाड्यांचं टाकीतलं अख्खं पंप-मॉड्यूल घ्यावं, ज्यात पंप, जाळी, फ्लोट आणि प्लास्टिकची वाटी एकत्र असते. सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळतं, स्वस्त पडतं, आणि कोल्हापूरला बिघडलं तरी कोल्हापूरलाच मिळतं. फक्त टाकीची खोली मॉड्यूलच्या उंचीशी जुळली पाहिजे, आणि वाटीचा तळ टाकीच्या तळाला टेकला पाहिजे. टाकी स्टीलचीच करावी, किनारपट्टीला स्टेनलेस. आत आडव्या-उभ्या आडभिंती हव्यात. अ‍ॅल्युमिनियमची टाकी दिसायला देखणी असते, पण आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी तिचे सांधे चिरतात.

जुनी टाकी रेडिएटरवाल्याकडे झाळायला दिली जाते. देण्याआधी ती नीट धुऊन, वाफ देऊन, बाष्प पूर्ण घालवल्याशिवाय तिच्याजवळ ज्योत नेऊ देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची असते. घाई करणारा कारागीर भेटला तर टाकी परत घेऊन या.

आणखी एक जुगाड हल्ली लोकप्रिय आहे. जुना पंप आणि जुनी टाकी तशीच ठेवायची, बॉनेटखाली एक छोटी डबी बसवायची, त्या डबीत दाबाचा पंप. खर्च कमी, टाकीला हात लावायचा नाही. थंड देशात चालत असेल. मे महिन्यात सोलापूरच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली पेट्रोलची डबी आणि 4 बारचा पंप ही कल्पना मला सहन होत नाही.

इथे कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. आधी आरटीओशी बोला, मग स्पॅनर उचला. आणि गाडी 50 वर्षांहून जुनी असेल, 2021 च्या नियमांनुसार तिला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक घ्यायचा असेल, तर ती मूळ रूपातच ठेवावी लागते. अशा गाडीचा कार्बोरेटर काढू नये असं माझं ठाम मत आहे.

नळ्यांवर काटकसर करणं तर अक्षम्य. कार्बोरेटरची साधी रबरी नळी 4 बार दाबाला फाटते. इंजेक्शनसाठी आर-9 दर्जाची नळी लागते, आणि टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडणाऱ्या तुकड्याला आर-10. आर-9 बाहेरून पेट्रोल सोसत नाही. आत लावली की फुगते, सुटते. आता आपल्या पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. जुन्या रबराला ते आणखी लवकर खातं, आणि पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर वेगळं होऊन तळाशी बसतं, नेमकं जिथे पंपाचं तोंड असतं तिथे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी.

शेवटचं विजेबद्दल. डायफ्रामचा पंप इंजिन थांबलं की थांबतो. विजेचा पंप थांबवला नाही तर थांबत नाही, अपघातानंतरही नाही. त्याला स्वतंत्र रिले, फ्यूज, इंजिन बंद पडताच तोडणारी जोडणी आणि धक्का बसताच उघडणारा इनर्शिया स्विच हवाच. मस्टँगच्या डिकीत आणि मागच्या सीटमध्ये पुठ्ठ्याखेरीज काही नसतं. त्या वाचकांना मी तिथे पोलादी पत्रा बसवायला सांगितलं. मागच्या सीटवर त्यांची मुलं बसतात.

तुमच्या गाडीला इंजेक्शन असो वा नसो, या रविवारी ती बाहेर काढण्याआधी एकदा खाली वाका. टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी नळी वाकवून पाहा, नख दाबून पाहा. बारीक चिरा दिसल्या, वास आला, बोट ओलं झालं, तर ती नळी बदलल्याशिवाय चावी फिरवू नका.