क्लिक करण्याआधी...

वीकेण्डला तलावावर गेलो, पक्षी दिसला, मोबाइल काढला, क्लिक! सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, 'पाय कसले होते रे त्याचे?' आपण ब्लँक.

जहांगीर बादशहाकडे कॅमेरा नव्हता, पण उस्ताद मन्सूर होता. १६२१मध्ये दरबारात झेब्रा आला, तेव्हा काहींना वाटलं, पट्टे रंगवलेत! बादशहाने नीट तपासून घेतलं. मन्सूरने त्याचं चित्र काढलं, एकेक पट्टा निरखून. मिनिएचरची गंमतच ही. छोटासा कागद, खारीच्या केसांचा बारीक ब्रश. इथे घाई चालतच नाही.

मन्सूरने सायबेरियन क्रेनही रंगवलाय. पांढराशुभ्र, लाल तोंडाचा. ते चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. पक्षी मात्र भरतपूरला शेवटचा दिसला २००२मध्ये. नंतर आलाच नाही.

तेव्हा मुंबईकरांनो, एकदा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली मिनिएचर्स बघून या. मग घरी खिडकीत बुलबुल आला, तर मोबाइल खिशातच ठेवा. पाच मिनिटं नुसतं बघा. शेपटीखालचा लाल रंग दिसला? नाही? मग आणखी पाच मिनिटं!