दोन मिनिटांत निकाल

परवा एका मित्राकडे बीथोवनची पाचवी सिम्फनी ऐकत होतो. कंडक्टर ओट्टो क्लेम्परर, फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, १९५९ चं रेकॉर्डिंग. दोन मिनिटांत मी निकाल देऊन टाकला, "फारच रटाळ आहे रे हे!" मित्र काही बोलला नाही. उठला, सीडी काढून ठेवली. मोठ्या हौसेने लावली होती बिचाऱ्याने.

घरी येताना डोक्यात किडा वळवळायला लागला. रटाळ, पण कशाच्या तुलनेत? तर कॉलेजपासून मी पारायणं केलेल्या कार्लोस क्लायबरच्या १९७४ च्या रेकॉर्डिंगच्या. म्हणजे मी बीथोवनची नाही, माझ्या सवयीची बाजू घेत होतो!

मग म्हटलं, मूळ स्पेसिफिकेशनच बघू. (इंजिनिअर ना शेवटी!) बीथोवनने १८१७ साली मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले. पहिल्या मूव्हमेंटला मिनिटाला १०८ बार. एकूण बार ५०२, आणि पहिला भाग पुन्हा वाजवायचा, त्याचे १२४. भागाकार केला तर मधले थांबे सोडून सहा मिनिटंही होत नाहीत. क्लायबरला सव्वासातच्या वर लागतात, क्लेम्पररला जवळजवळ नऊ. म्हणजे आकड्यांवर दोघेही नापास!

मग पास कशावर करायचं? माझ्या मते, निवडलेल्या लयीतून काय ऐकू येतं यावर. सुरुवातीचा तो चार सुरांचा तुकडा लगेच दुसऱ्या व्हायोलिन्सकडून व्हिओलाकडे, तिथून पहिल्या व्हायोलिन्सकडे जातो. क्लायबरकडे ती एकच झेप वाटते. क्लेम्पररकडे कोण कोणाच्या हातात देतंय, ते स्पष्ट कळतं. आणि शेवटची मूव्हमेंट! तोपर्यंत बीथोवनने ट्रॉम्बोन्सना गप्प बसवलेलं असतं. ते वाजतात तेव्हा क्लायबर धावत पोचलेला असतो, क्लेम्परर डोंगर चढून. पण पोचतात दोघेही.

याचा अर्थ सगळेच कंडक्टर थोर, असं मुळीच नाही. लय संथ केली आणि नवीन काहीच ऐकू आलं नाही, तर ते रटाळच. फक्त ते म्हणण्याआधी सिम्फनी शेवटपर्यंत ऐकायला हवी.

असो. काल जाऊन ती सीडी मागून आणली. मित्र हसला, म्हणाला, "या वेळी पूर्ण ऐक."