खुरप्याचा हिशेब कोण धरणार?



जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या आपल्या दुष्काळी टापूत साहेब आला की एकच पाठ म्हणतो. ज्वारी-कपाशीत काय ठेवलंय? टेंभू-म्हैसाळचं पाणी आलंय, भाजीपाला करा, फळबाग करा. सल्ला फुकटचा आहे आणि वाईटही नाही. पण भाजीतले तण काढायचे कुणी आणि कुणाच्या पैशाने, हे सांगण्याआधीच साहेबांची जीप निघून जाते.

ज्वारीत आणि कपाशीत आम्ही बैलाचे कोळपे घालतो. दोन पाळ्या झाल्या की निम्मे तण संपते. कांद्यात कोळपे चालत नाही. रोप बोटाबोटावर, पात उभी, जमिनीवर सावली नाही. तणाला मोकळे रान. दोन-तीन खुरपण्या वेळेत झाल्या नाहीत तर कांदा पोसतच नाही. पाणी आले की तणाला पावसाळा-उन्हाळा राहत नाही. डाळिंबाच्या आळ्यात ठिबकखाली हरळी आणि लव्हाळा पिकाआधी वाढतो. लव्हाळा खुरपला तरी गाठ जमिनीत राहते, आठवड्यात पुन्हा वर येतो.

हे सगळे काम उकिडवे बसून आमच्या मायबहिणी करतात. त्याचा हिशेब कुठे आहे? ज्वारी-कपाशीचा हमीभाव काढताना निदान कागदावर घरच्या माणसांची मजुरी धरतात. कांदा, टोमॅटो, मिरचीला हमीभावच नाही, म्हणजे कागदसुद्धा नाही. आणि कांद्याला चार पैसे मिळू लागले की सरकारला शहरातल्या ताटाची आठवण होते. 2023 च्या डिसेंबरात निर्यात बंद केली, ती 2024 च्या मे महिन्यात उठवली. तेवढ्या दिवसांत बाजारात गेलेल्या कांद्याची खुरपणी आमच्याच पदरची गेली.

मजूर मिळत नाहीत म्हणून शेतकरी तणनाशकाकडे वळला, तर तिथेही सरकार आडवे. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्राने हुकूम काढला : ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकानेच मारायचे. ढेकूण-वाळवी मारणारी ही शहरातली मंडळी माणदेशातल्या वस्तीवर कोणी पाहिली आहेत का? मुळात या औषधाला आपल्या देशात परवानगी होती ती चहाच्या मळ्यात आणि पडीक जागेत. साताऱ्या-सांगलीत चहा कुठे पिकतो?

औषध निर्धोक आहे असे आम्ही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 साली ते बहुधा कर्करोगकारक ठरवले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2020 साली ते मानले नाही. मग इथे तपासा. घातक असेल तर कारण सांगून बंद करा. नसेल तर शेतकऱ्याला शिकवा आणि वापरू द्या. जो माणूस गावात नाही त्याच्या हाती पंप देण्याचा हुकूम म्हणजे बंदीही नाही आणि परवानगीही नाही. त्यातून फक्त चोरटा बाजार वाढतो.

आता आपल्या घरचेही बोलू. वारा सुटलेला असताना उसात टू-फोर-डी मारायचे आणि शेजाऱ्याची कपाशी, द्राक्ष, टोमॅटो वाकडी झाली की हात वर करायचे. तोच पंप न धुता मिरचीवर न्यायचा. कपाशीतले गवत मारणारे औषध ज्वारीही मारते, कारण ज्वारी गवताच्याच कुळातली. तरी दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावर विसंबायचे. 2017 साली यवतमाळात फवारणी करताना माणसे मेली. ती कीटकनाशके होती, पण उघडी अंगे आपल्यासारखीच होती. हे पाप सरकारच्या खात्यावर टाकता येणार नाही.

आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. गावागावात शेतकऱ्याच्या पोराला शिकवून फवारणीचा परवाना द्या. दाट लागणीच्या भाजीत उभ्याने चालवता येईल असे हलके, स्वस्त अवजार विद्यापीठांनी आमच्या बांधावर आणून दाखवावे. आणि भाजीचा भाव पाडण्याआधी खुरपणीचा खर्च मोजावा.

तो मोजून घ्यायचा तर आधी आपण मांडला पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एका पिकाच्या खुरपणीचे दिवस वहीत लिहून आणावेत. रोजाने लावलेल्या बाईचे लिहा, आणि घरच्या बाईचेही त्याच दराने लिहा. तिचा रोज आपणच धरत नसू, तर सरकारने धरावा असे कोणत्या तोंडाने म्हणणार?