बायपासला जागा धरण्याआधी गाडी चालवून या

नवीन बायपास चालू झाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. जुन्या रस्त्यावरचा दुकानदार म्हणतो, "आता धंदा बसला." हातात चार पैसे असलेला म्हणतो, "बायपासला जागा धरा." माझ्या मते दोघंही घाई करतायत.

सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाल्यापासून आपल्या जिल्ह्यात हायवेला हॉटेल टाकायची स्वप्नं वाढली आहेत. बेंबळीतली पोरंही त्यात आहेत. टाका की! पण कर्ज काढण्याआधी त्या रस्त्यावर स्वतः गाडी चालवा. दोन्ही दिशांनी, एकदा दिवसा आणि एकदा रात्री.

ताशी ८० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर पळते. तुमचा बोर्ड १०० मीटरवरून दिसला, तर ड्रायव्हरकडं जेमतेम साडेचार सेकंद असतात. तेवढ्यात बोर्ड वाचायचा, थांबायचं ठरवायचं, ब्रेक दाबायचा. जुन्या रस्त्यावर गतिरोधक, एसटी स्टँड आणि गर्दी तुमच्यासाठी गिऱ्हाईक थांबवत होती. बायपासवर ते काम तुमचं.

मध्ये दुभाजक असतो. म्हणजे पलीकडची गाडी तुमची नाही, निम्मीच वाहनं मोजा. जागा रस्त्याला लागून आहे म्हणून वाट आपोआप मिळत नाही. राष्ट्रीय महामार्गाला जोडरस्ता काढायला परवानगी लागते. जमीन एनए आहे का, तेही बघा.

मग हिशोब मांडा. समजा भाडं, वीज, पगार आणि हप्ता मिळून महिन्याला २४,००० रुपये. एका चहामागं ४ रुपये सुटतात. तर रोज २०० चहा विकल्यावर खर्च निघणार, नफा त्याच्या पुढं.

जुन्या दुकानदारानं पंधरा दिवस वहीत लिहावं, गिऱ्हाईक गावचं की वाटेचं. किराणा, खतं-बियाणं, मोबाईल रिपेअरिंग हे बहुतेक गावच्या गिऱ्हाइकावर चालतं. बायपासनं ते कुठं जात नाही, उलट दुकानासमोर गाडी लावायला जागा होते. चहा-पंक्चरवाल्याची गोष्ट वेगळी. त्याला हलावं लागेल, नाहीतर माल बदलावा लागेल.

लोणावळ्याचं बघा. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि वाटेची गाडी गावाबाहेरून जायला लागली. चिक्की संपली का? गावातली दुकानंही चालू आहेत आणि तीच चिक्की एक्सप्रेसवेच्या फूड मॉलमध्येही मिळते. आपल्याकडं सरमकुंडी फाट्यावर लोक पेढ्यासाठी मुद्दाम थांबतात. तिथं गाडी बोर्ड थांबवत नाही, नाव थांबवतं.

म्हणून सांगतो, पहिलं वर्ष जागा विकत घेऊ नका, अकरा महिन्यांच्या करारावर घ्या. लोकांनी थांबावं असं तुमच्याकडं काय आहे, ते एका वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल, तर टोकन देऊ नका.