पासिंगपुरते मार्क आणि एक सुई

मी पक्की कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर माफ करा, पण मुद्दा ऐकून घ्या. तो माझ्या हाडातून निघालाय, अगदी शब्दशः!

दोन वर्षांपूर्वी मी धाकट्या भावाला बोन मॅरो दिला. त्याला अप्लास्टिक अॅनिमिया होता. हल्ली बरेच डोनर हातातून रक्त देतात आणि मशीन त्यातल्या स्टेम सेल्स वेगळ्या करतं. या आजारात मात्र डॉक्टर शक्यतो हाडातलाच मॅरो घेतात. भूल दिल्यामुळे तेव्हा काही कळलं नाही, पण नंतर आठवडाभर उशीशिवाय बसता येत नव्हतं. भाऊ आज ठणठणीत आहे, माझ्याशी रिमोटवरून भांडतो. त्यामुळे तक्रार नाही. प्रश्न मात्र आहे.

पद्धत अशी: कमरेच्या मागच्या हाडात जाड सुई घालायची आणि सिरिंजने थोडासाच मॅरो ओढायचा. एकाच जागी जास्त ओढला तर त्यात नुसतं रक्त मिसळतं. म्हणून सुई काढायची, जागा बदलायची, पुन्हा घालायची. मोठ्या पेशंटसाठी लिटरभरही मॅरो लागू शकतो. हाडाला किती भोकं पडत असतील, तुम्हीच हिशोब करा!

अमेरिकेतल्या डॉ. डॅनिएल क्राफ्ट यांनी यावर ‘मॅरोमायनर’ शोधला आणि २००९ मध्ये टेडच्या भाषणात दाखवला. हाडात एकच भोक, त्यातून एक लवचीक, मोटरवर फिरणारी नळी आत जाते आणि मॅरो ओढत राहते. मेकॅनिकलवाल्यांनो, आहे की नाही झकास? त्याला अमेरिकेच्या एफडीएची परवानगीही मिळाली.

ही परवानगी असते तरी काय, म्हणून मी वाचायला घेतलं. अमेरिकेत वैद्यकीय साधनांचा कायदा १९७६ मध्ये आला. हृदयाच्या झडपेसारख्या जास्त धोक्याच्या साधनाला ‘अप्रूव्हल’ लागतं, त्यासाठी भक्कम पुरावा द्यावा लागतो. मॅरो काढायच्या सुया वगैरे बहुतेक ‘५१०(के)’ नावाच्या दुसऱ्या रस्त्याने जातात. तिथे एवढंच दाखवायचं, की नवं साधन बाजारातल्या जुन्या साधनासारखंच आहे आणि तितकंच सुरक्षित व परिणामकारक आहे. बऱ्याचदा माणसांवर नवी चाचणीही लागत नाही. याला म्हणतात ‘क्लिअरन्स’.

पद्धत वाईट नाही. प्रत्येक नव्या सुईला पहिलीपासून शाळेत बसवलं तर पेशंट वाट बघत राहतील. पण यात एक गोम आहे. तुलना जुन्या सुईशी, म्हणजे जुन्या सुईची वेदना हेच पासिंगचे मार्क! डोनरला कमी दुखलं पाहिजे अशी सक्ती कुठेच नाही. डोनर तर धडधाकट माणूस, स्वतःला काही फायदा नसताना टेबलावर झोपणारा. त्याच्या दुखण्याला परीक्षेत एकही मार्क नाही?

आपल्याकडे २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत. जुन्यासारखं साधन असेल तर सोपा मार्ग, अगदीच नवं असेल तर माणसांवर चाचणी. तुलनेची कल्पना इथेही आहेच. माझं म्हणणं एवढंच, की मॅरो काढणाऱ्या साधनाच्या फाइलमध्ये एक पान डोनरचं असावं. किती दुखलं, किती दिवस दुखलं, किती भोकं पडली.

आणि हे फक्त सरकारने करायचं काम नाही. दर वर्षी आपल्याकडे ‘बायोमेडिकल’ प्रोजेक्ट होतात. रिपोर्टमध्ये अचूकता असते, खर्च असतो, सर्किट असतं. ज्याला ते टोचणार त्याचं मत कुठल्याच चॅप्टरमध्ये नसतं. सीनियरच्या प्रोजेक्टइतकं चाललं की आपण खूश. ‘आधीच्याइतकं’ एवढ्यावर आपण व्हायव्हा मारून नेतो, पण हाडाला ते चालत नाही.

यंदा कुणी असा प्रोजेक्ट घेणार असेल तर मला विचारा. डोनरचं पान मी भरून देईन, उशीसकट!